कलम सहा आणि तेवीस निरोप

दिनांक ९ डिसेंबर २००६. वेळ दुपारी २ वाजून १० मिनिटे.

मी, कुंदन धोंडीराम विधाते, वय ३४ वर्षे, धंदा वेब होस्टिंग, राहणार मखमलाबाद रोड, पंचवटी, नाशिक. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की,

मी वरील पत्त्यावर आई, पत्नी व भावासह राहतो. घरची फुलशेती आहे, ती भाऊ पाहतो. मी सन २००१ पासून लोकांच्या वेबसाइटना इंटरनेटवर जागा भाड्याने देतो. "म्हणजे गाळे देतात तसं?" असे जबाब घेणारे हवालदार खंडेराव शेळके यांनी विचारले. तसेच आहे. गाळा आमचा, माल ग्राहकाचा, आणि गाळ्यात काय करू नये याचे नियम आमचे.

सदर नियम मी स्वतः मराठीत लिहिले असून एकूण बारा कलमे आहेत. मला त्यांचा अभिमान होता. अश्लील ठेवू नये, दुसऱ्याचे चोरू नये, कोणाची बदनामी करू नये, वगैरे. कलम सहा असे की, एकच मजकूर पुन्हा पुन्हा टाकू नये. जाहिरातवाले तसे करतात आणि सुक्याबरोबर ओलेही जळते, म्हणजे एकाच्या कचऱ्यापायी बाकीच्यांच्या साइटही अडकतात. कलम अकरा असे की, नियम मोडल्यास साइट बंद करून ग्राहकाला ईमेल करावा व चौदा दिवसांत उत्तर न आल्यास सर्व मजकूर पुसावा. माझ्या एकशे चाळीस ग्राहकांनी या नियमांवर सही केली आहे. वाचले एकानेच.

ते ग्राहक म्हणजे वाळू गावित, आश्रमशाळेत शिक्षक, राहणार तालुका सुरगाणा. त्यांच्या भागातील माणसे भात-नागली निघाली की टोळीने कामाला बाहेर पडतात. कोण कोणत्या टोळीबरोबर कुठे गेले, हे गुरुजी साइटवर लिहितात. खाली निरोप टाकण्याची जागा आहे. साइटचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी प्रत्येक टोळीला दिलेली असते, ती दाखवून माणसे सायबर कॅफेतून निरोप टाकवून घेतात. गुरुजी महिन्यातून एकदा, पगाराच्या आठवड्यात नाशिकला येतात, आलेले निरोप छापून नेतात आणि बाजाराच्या दिवशी वाचून दाखवतात. गावात फोन नाही.

सही करताना गुरुजींनी कलम सहावर बोट ठेवून विचारले होते, "आमच्याकडं एकच निरोप धाजणांच्या तोंडी देत्यात. ते चालंल ना?" मी मान वर न करता "चालेल, चालेल" म्हणालो. हे मला आज आठवले.

दिनांक २४ नोव्हेंबर रोजी दुपारी चार ते पावणेपाचच्या दरम्यान गुरुजींच्या साइटवर एकाच ठिकाणाहून तेवीस निरोप आले. मजकूर तोच, खाली फोन नंबर तोच, फक्त खाली निरोप देणाऱ्याचे नाव वेगळे. नावे बदलणे ही जाहिरातवाल्यांची जुनी युक्ती असल्याने मी खूश झालो की चोर सापडला. कलम सहाखाली साइट बंद केली व गुरुजींना ईमेल केला. सुरगाण्याला ईमेल कोण व कधी वाचणार, हा विचार केला नाही. निरोप मी मोजले. वाचले नाहीत.

नियमाप्रमाणे काल, दिनांक ८ रोजी सर्व मजकूर पुसायचा होता. काल आमच्या भागात सहा तास वीज नव्हती आणि इन्व्हर्टरही बसला. मी उद्यावर ढकलले. आई मला लहानपणापासून आळशी म्हणते. आज पहिल्यांदा त्याचा कोणाला उपयोग झाला.

आज सकाळी साडेअकराच्या सुमारास गुरुजी माझ्या ऑफिसात आले. सोबत नवसाबाई नावाची बाई होती, वय अंदाजे पंचेचाळीस. तिची मुलगी चांगुणा, वय १९, दसऱ्यानंतर टोळीबरोबर दिंडोरीला द्राक्षाच्या छाटणीला गेली होती. दिवाळीतल्या वाघबारशीच्या सणाला ती घरी आली नाही व निरोपही नाही. नवसाबाई दिंडोरीला जाऊन आली, तर बागेत टोळीच नव्हती. टोळी कुठे गेली हे तेथे कोणालाही सांगता आले नाही. म्हणून तिने आज सकाळी याच ठाण्यात मुलगी हरवल्याची तक्रार दिली आणि साइटवर काही कळते का ते पाहायला ती माझ्याकडे आली.

मी साइट बंद केल्याचे कारण सांगितले. गुरुजी म्हणाले, "कुंपणानंच शेत खाल्लं." मी कलम सहा वाचून दाखवू लागलो. नवसाबाईने मला थांबवले. ती म्हणाली, "भाऊ, आमी आख्ख्या जीपला निरोप सांगतो. एखादा इसरतो, एखादा मधीच उतरतो, एखादा पिऊन पडतो. तेवीस जणांनी सांगितला म्हंजे तो खराच हाय. काय सांगितलं ते तं बघ."

मी बंद साइट उघडून पहिला निरोप मोठ्याने वाचला. तो असा: "वाळू गुरुजी, नवसाबाईला सांगा, चांगुणा बरी आहे. पायाला लागलं होतं, आता चालते. आम्ही दिंडोरीहून तासगावला आलो. या नंबरवर फोन करा." खाली नाव काळू. दुसऱ्याखाली कुसाबाई. मी पुढचे वाचायचे थांबलो, तर नवसाबाई म्हणाली सगळे वाच. मी तेवीसही वाचले. तेविसाव्याखाली नाव चांगुणा होते. मला लाज वाटली, ती जबाबात लिहावी असे मी सांगितल्यावरून लिहिली आहे.

त्यानंतर आम्ही तिघे रिक्षाने ठाण्यात आलो. हवालदार शेळके यांनी १२ वाजून ५० मिनिटांनी सदर नंबर लावला. फोन तासगावच्या बागमालकाने घेतला. मुलगी दुसऱ्या टोकाला डहाळ्या बांधत आहे, बोलावतो, असे तो म्हणाला. आम्ही वाट पाहिली. १ वाजून १५ मिनिटांनी तिकडून फोन आला. नवसाबाईने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. ती प्रथम म्हणाली, "जेवलीस का?" मग बराच वेळ नुसती ऐकत होती. मग म्हणाली, "लंगडत असशील तं लंगडत ये, पण ये." मुलगी येत्या शनिवारी टोळीतील कुसाबाईसोबत निघत आहे. तक्रारीचे कारण उरलेले नाही.

फोन ठेवल्यावर नवसाबाईने हवालदारांना सांगितले की, चांगुणा बरी आहे. नंतर तेच मला सांगितले, जसे काही मी तेथे नव्हतोच. आमच्या गावचे कोणी भेटले तर तुमीही सांगा, असे ती म्हणाली. मी सांगेन.

साइट मी ऑफिसातून निघतानाच पुन्हा चालू केली आहे. कलम सहा मी येथेच बाकावर बसून दुरुस्त केले. आता ते असे: एकच मजकूर अनेक वेळा आला, तर बंद करण्यापूर्वी तो चालकाने एकदा पूर्ण वाचावा. गुरुजींनी वाचून त्यावर सही केली.

या कामी माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. मी स्वतःविरुद्ध देऊ इच्छित होतो, परंतु तसे कलम नाही, असे हवालदारांनी सांगितले.

वरील मजकूर मला व नवसाबाईच्या आग्रहावरून तिलाही मोठ्याने वाचून दाखवला. तो आमच्या सांगण्याप्रमाणे आहे. तिने तो आणखी एकदा वाचायला लावला. चांगुणा बरी आहे. चांगुणा बरी आहे. हे वाक्य येथे तिच्या सांगण्यावरून पुन्हा लिहिले आहे. ती लिहिणाऱ्याची चूक नाही, खोडू नये.

सही / कुंदन धोंडीराम विधाते
नवसाबाई, डाव्या हाताचा अंगठा
समक्ष: खंडेराव शेळके, पोलीस हवालदार