सोतिरिसची बहीण

सभेचे अध्यक्ष, व्यासपीठावर बसलेले आपले धर्मगुरू पापा-लेफ्तेरिस, शाळेच्या मुख्याध्यापिका बाई, अथेन्सहून मुद्दाम आलेले पाहुणे आणि समोर दाटीवाटीने बसलेल्या माझ्या मावरोलिथीकरांनो,

आपली पोलिक्सेनी उद्या लेकीकडे मेलबर्नला चालली. निरोपाचे चार शब्द मी बोलावेत, हा तिचाच हट्ट. मी अंथूला, जन्मभर मागावर बसलेली बाई. माझ्या बोलण्याला कसला आलाय डौल? आधीच्या वक्त्यांनी तिच्या धैर्याचं फार सुंदर वर्णन केलं. लोकरीच्या गाठोड्यात निरोप दडवून ती जर्मनांशी लढणाऱ्या, डोंगरातल्या आपल्या माणसांना पोहोचवायची, हे आता सरकारनेही मान्य केलं आहे. टाळ्या झाल्या. पण मागच्या रांगांतले काही हात मांडीवरच राहिले. इथून दिसतं बरं का सगळं!

कारण मला ठाऊक आहे. इतकी वर्षं हे गाव एकच प्रश्न कुजबुजतंय: त्या दिवशी गोणपाटवाल्याने हिलाच कशी सोडली?

आमचा सोतिरिस, पोलिक्सेनीचा धाकटा भाऊ, त्या उन्हाळ्यात शहरात जर्मनांच्या हाती सापडला आणि आठवड्याने सुटून आला. आनंद झाला आम्हाला. फक्त तो कुणाच्या नजरेला नजर देईना. पुढच्याच रविवारी चर्च सुटता सुटता जर्मनांनी चौकाला वेढा घातला. सगळ्यांना रांगेत उभं केलं. मग ट्रकमधून एक माणूस उतरवला. डोक्यावर गोणपाट, डोळ्यांपुरती दोन भोकं. तो बोलायचा नाही, नुसतं बोट दाखवायचा. बोट दाखवलं की माणूस रांगेबाहेर.

मी पोलिक्सेनीच्या एका अंगाला, तिचा नवरा लाम्ब्रोस दुसऱ्या. बोट लाम्ब्रोसवर थांबलं. मग तिच्याकडे वळलं, हवेत थरथरलं आणि खाली गेलं. सुटली, मला वाटलं. पाहिलं तर ती त्या माणसाच्या कोपराकडे बघत होती. सदऱ्याला निळं ठिगळ होतं. ते तिनेच आदल्या दिवशी लावलं होतं.

अकरा जणांना खळ्यावर नेलं. गोळ्यांचा आवाज आम्ही जागेवरच उभ्याने ऐकला.

दुपारी, नवऱ्याला माती देण्याआधी, ती डोंगर चढली. मी सोबत होते. तिथल्या आपल्या तुकडीच्या प्रमुखाने विचारलं, "कोण होता?"

"सोतिरिस. माझा भाऊ."

तो म्हणाला, "तू इथंच थांब, बाई. आम्ही बघतो."

"तुम्हाला सापडायचा नाही तो. संध्याकाळी माझ्याकडे जेवायला येईल. जेवू द्या त्याला. मग या."

आणि तो आला हो! आई चर्चमध्ये लाम्ब्रोसपाशी बसली होती. पोलिक्सेनीने घेवड्याचं सूप वाढलं. मी चुलीजवळ होते.

"ताई, तेल आहे का गं थोडं?"

तिने अख्खी बुधली त्याच्या ताटात ओतली. "घे. आज सगळं घे."

दारावर थाप पडली. त्याच्या लगेच ध्यानात आलं. "ताई, तुला तर मी वाचवलं ना!"

"तेवढंच करायला नको होतंस," ती म्हणाली.

त्यानंतर सोतिरिस कुणाला दिसला नाही. जर्मनांनी नेलं, असं तिने आईला सांगितलं. म्हातारी दर ईस्टरला एक लाल अंडं त्याच्यासाठी काढून ठेवायची. लढाई संपली आणि डोंगरातल्यांना कम्युनिस्ट ठरवून आपल्याच लोकांच्या सरकारने पोलिक्सेनीलाही बेटावर डांबलं. पश्चात्तापाच्या कागदावर सही कर आणि घरी जा, म्हणाले. तिने केली नाही. सुटून आली, तर ती झऱ्यावर दिसली की बायका घागरी उचलून चालू पडायच्या. एका शब्दात तिला तुमची तोंडं बंद करता आली असती. पण आई जिवंत होती. यंदा ईस्टरआधीच्या उपासांत आई गेली.

परवा मी तिला म्हटलं, "सांगते सगळं, पण दार डोंगरातल्यांनी फोडलं असं म्हणते."

"खोटं नको, अंथूला. दार मी उघडलं."

अध्यक्षांनी मला वेळ दिला, तुम्ही ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. बोलण्यात काही चुकलं असेल तर ती चूक माझी, मोठ्या मनाने पोटात घाला. तिचं चुकलं की बरोबर होतं, ते मात्र मला विचारू नका. ती समोर बसली आहे. तिची बस सकाळी आहे.