चुन्याखालची ओळ

(व्होल्गाकाठच्या एका गावातलं जुनं कॅथेड्रल. पर्यटकांसाठी दार नुकतंच उघडलं आहे. तिथली गाईड ताइसिया ल्वोव्ना आणि मुख्य पाद्री फादर गुरी उत्तरेकडच्या भिंतीसमोर उभे आहेत.)

ताइसिया : मी बहिणीकडे काय गेले, तुम्ही भिंत लिंपून मोकळे! एक फोन करता आला नाही?

गुरी : केला असता, तर हो म्हणाला असतात?

ताइसिया : मुळीच नाही.

गुरी : मग? रविवारी बिशप येताहेत. देवाच्या घरात त्यांना काय ओरखडे दाखवू?

ताइसिया : ओरखडे! क्रांतीनंतर सरकारनं तुरुंग करून माणसं कोंडली होती इथे, फादर. नखांनी, बटणांनी लिहिलंय त्यांनी. नंतर इथे मिठाची पोती रचली, मिठानं भिंत खाल्ली, तरी अक्षरं टिकली. तुमच्यापुढे नाही टिकली.

गुरी : तुमचे ते पर्यटक येतात, इथे उभे राहून हळहळतात, फोटो काढतात आणि वेदीकडे पाठ करून संडास कुठे आहे विचारतात. प्रार्थनेला समोर कोण, तर चार म्हाताऱ्या. त्यातली एक बहिरी. मला चर्च हवंय हो, तुरुंग नको!

ताइसिया : आणि मी लोकांना काय सांगू? व्यापाऱ्यांनी बांधलं, घंटा उतरवून वितळवल्या, मग मिठाचं कोठार झालं. आणि मधली वर्षं गिळून टाकू?

गुरी : तोंडानं सांगा की. चुना भिंतीला लावलाय.

ताइसिया : नुसता भिंतीला नाही, आम्हा सगळ्यांनाच लावलात.

पेलागेया : (दारातून आत येत) अहो, ताइसिया ल्वोव्ना तुम्हीच ना? आवाजावरून ओळखलं. मी पेलागेया. उरालहून आले. आपलं फोनवर बोलणं झालं होतं.

ताइसिया : अगं बाई! आजी, तुम्ही तर ईस्टरनंतर येणार होतात ना?

पेलागेया : नात म्हणाली, आत्ताच जाऊ. पुढे हे गुडघे साथ देतील, न देतील. कुठे आहे ते? हीच का भिंत? ही तर कोरी दिसतेय.

ताइसिया : फादर, आता तुम्हीच बोला.

गुरी : मी काय बोलू? या कोण?

ताइसिया : यांचे वडील कोंडलेले होते इथे. त्या खांबामागे लिहिलं होतं त्यांनी. ‘नाझार. मुलगी झाली.’

पेलागेया : ती मुलगी मी. त्याला उचलून नेलं तेव्हा मी पोटात होते. आईनं कुणाच्या तरी हाती निरोप धाडला होता. पोचला की नाही, तिला मरेपर्यंत कळलं नाही. मला कळलं ते या बाईंनी फोनवर वाचून दाखवलं तेव्हा. कुठे आहे ती ओळ?

गुरी : आजी, परवाच मी ही भिंत लिंपून घेतली.

पेलागेया : कशाला?

गुरी : स्वच्छ दिसावी म्हणून.

पेलागेया : त्यात घाण काय होतं?

ताइसिया : आजी, मी पाठवलेला त्या ओळीचा फोटो आहे ना, तो मी मोठा करून—

पेलागेया : फोटो उशाशीच असतो माझ्या. मला हात लावायचा होता. त्यानं लावला होता, तिथे.

गुरी : थांबा. किल्ली आहे माझ्याकडे, आत्ता खरवडतो. ताइसिया ल्वोव्ना, नक्की कुठे होतं?

ताइसिया : नका! आतून भिंत पोखरलीय, चुन्याबरोबर अक्षरंही गळून पडतील. त्यातला जाणकार माणूस आणावा लागेल. पापुद्रा पापुद्रा काढतात ते.

गुरी : मग आणतो. बिशपना मी सांगेन काय सांगायचं ते.

ताइसिया : आता आणताय! आणि तो येणार कधी?

गुरी : पुढच्या उन्हाळ्यात. लवकरात लवकर म्हटलं तरी.

पेलागेया : पुढच्या उन्हाळ्याचं मी बोलत नसते आता.

गुरी : आजी, माझ्या मनात खरंच तसं काही—

पेलागेया : राहू दे बाबा. बोलू नकोस. बाई, तुम्ही जागा दाखवा मला.

ताइसिया : इथे. जरा खाली. जमिनीवर बसून लिहिलं असणार त्यांनी.

पेलागेया : मग बसवा मला. हळू... हं. इथे?

ताइसिया : हो. बरोबर तुमच्या खांद्यामागे.

गुरी : आजी, टेकू नका, चुना ओला आहे अजून. कोट खराब होईल.

पेलागेया : होऊ दे.