पारूबाईंचा झाडू

आमच्या कारखान्यात झाडलोट करायला पारूबाई होत्या. कधी आल्या, कधी गेल्या, कळायचं न्हाय.

एका खंडेनवमीला आम्ही आपापल्या लेथला हार घालत होतो आणि बाई दाराशी उभ्या. मालक अण्णांनी विचारलं, “बाई, तुमची पूजा?”

“मला कुठलं मशीन, अण्णा?”

“मग झाडू आणा की!”

अण्णांनी स्वतः झाडूला हळदकुंकू वाहिलं, हार घातला.

दसऱ्याची सुट्टी संपली. अण्णा चिखलाच्या पायताणानं आत शिरायला लागले, तर बाई झाडू आडवा धरून दारात.

“पायताण पुसून या!”

“बाई, कारखाना माझा हाय!”

“असंल की. झाडू माझा हाय. तुम्हीच पुजलायसा न्हवं?”

अण्णांनी गुमान पायताण पुसलं आणि आमच्यावर खेकसले, “दात काय काढताय? पुसा की तुम्हीबी!”