गोलमागचा बोर्ड

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं, तू. तीन दिवसांनी. मला वाटलं माझा नंबर पुसून टाकलास… टाकलाच होतास? मग लागला कसा?… पाठ आहे. बघ, राग आला तरी पाठांतर जात नाही.

नाही नाही, ठेवू नकोस. हसत नाहीये मी. अगं ऐक ना… हो, हो, पाहिला फोटो. अख्ख्या शाळेने पाहिला पेपरात, मी कशी नाही पाहणार?… चांगला आलाय म्हणजे… तू उजवीकडे झेपावलेली, चेंडू डावीकडून आत, आणि मधोमध तो बोर्ड. 'नीट दिसतंय ना? आजच डोळे तपासून घ्या.'… हो, वाचून दाखवायची गरज नव्हती. तोंडातून गेलं.

कोण चिडवतंय?… सातवीतली पोरं? काय म्हणतात?… गोलकीपर म्हणून तुला 'भिंत' म्हणायचे, त्या 'भिंत'ची 'खिडकी' केली?… नाही गं, हसले नाही, ठसका लागला. खरंच ठसका. थांब, पाणी पिते.

हं, बोल… मुद्दाम? मी? अगं, मुद्दाम काही करायला अक्कल लागते. ती असती तर ही वेळ आली असती का? तू माझी बाजू ऐकलीच नाहीस. तीन दिवस माझ्यासमोर बसून डबा खाल्लास आणि एक शब्द नाही. साधं मीठही मागितलं नाहीस.

पहिल्यापासून सांगते. सरांनी मला क्लबच्या फुटबॉल संघात घेतलंय कशासाठी?… बाकावर वजन हवं म्हणून. बरोबर. तीन वर्षं राखीव. मग मी म्हटलं, खेळता येत नाही ना, आपण खेळाच्या धंद्यात शिरू. तिथे धावावं लागत नाही… हो, कार्डं तेव्हाच छापली. 'क्रीडा व्यवसाय प्रतिनिधी.' दोनशे. वाटली अकरा, त्यातली पाच घरातच. एक बाबांनी डुगडुगणाऱ्या टेबलाखाली सरकवलंय, दुसऱ्याने दादा दात कोरतो.

पण चष्मेवाले काका मिळवले की नाही? चार दुकानांनी वाटेला लावल्यावर पाचवे ते. म्हटलं, काका, बोर्ड गोलमागे लावू, फोटोवाल्यांचा कॅमेरा तिकडेच असतो. आणि डोकं काय चालवलं माहितीये? समोरच्या संघाच्या गोलमागे लावला. म्हणजे आपण गोल मारणार, फोटो निघणार, मागे काकांचा चष्मा. क्लबच्या ऑफिसातल्या मॅडमसुद्धा म्हणाल्या, पोरगी हुशार आहे.

काय?… हो. हो गं, मध्यंतरानंतर बाजू बदलतात. कळलं… तीन वर्षांत दिसलं नाही का? अगं, दिसलं. पण बाक कुठे हलतो? तुम्ही सगळ्या इकडून तिकडे जाता, मी तिथेच बाटल्या भरत बसते. माझ्या डोक्यात तुझा गोल म्हणजे डाव्या हाताचा, तो जन्मभर डाव्या हाताचाच… हो, आता सांगायला काय जातंय. बोर्ड लावला मी, आणि नेमकी त्याच्यापुढे येऊन उभी राहिलीस तू. फोटोवालाही तेव्हाच उगवला. आणि ते चार गोल गेले ते वाऱ्यामुळे… वारा होता गं. ऊनही होतं डोळ्यांवर… बरं, ऊन पाठीमागे होतं.

एक सांगू? रागावणार नाहीस?… रागावलेलीच आहेस, मग सांगतेच. काका खूश आहेत… अगं हळू, कान गेला माझा. लोक पेपरातलं कात्रण घेऊन दुकानात येतायत. डोळे तपासून घेतायत, हसतायत, वर फ्रेम घेऊन जातायत. त्यांना तो फोटो मोठा करून दुकानावर लावायचाय… मोठा म्हणजे… दुकानाएवढा… हो, बसथांब्यासमोरचंच दुकान… हो, शाळेच्या वाटेवरच.

पण त्या बदल्यात अख्ख्या हंगामाचे प्रायोजक होतायत ते. सगळ्यांना बूट, तुला हातमोजे. किती दिवस चिकटपट्टी लावून खेळणारेस?… आणि मॅडम म्हणाल्यात, हंगामभराचा प्रायोजक स्वतः आणलास तर सुट्टीत ऑफिसात ये कामाला. खरं काम गं. मला टेबल, मला खुर्ची. सरांनी तीन वर्षांत मला एकदाही मैदानात बोलावलं नाही, आणि या बाई म्हणतात, ये.

विचारणारच होते तुला. पण तू बोलत नव्हतीस, मग… हं?… काकांना काय सांगितलं ते विचारतेस?

… अगं… ऐक ना… हो म्हणाले मी. सोमवारीच.

हॅलो?… हॅलो, आहेस ना?… रडतेयस?… सर्दी. बरं, सर्दी.

नाही, बोल तू. ऐकतेय… हं… हं… नाही, ते खरंय. बोर्ड माझा, चेहरा तुझा. मी तुझा चेहरा विकून आले आणि घरी येऊन दोन घास जास्त जेवले. आईला वाटलं, पेपर सोपा गेला.

थांब. ठेवू नकोस, प्लीज. बाबांचा फोन इथेच आहे, काकांना आत्ता लावते. तू लाइनवर राहा, ऐक… वाजतोय…

काका? मी, बोर्डवाली… हो, कार्डवाली, तीच. काका, तो फोटो छापायला गेला का?… उद्या जाणार. मग नका देऊ. तो द्यायचा मला हक्कच नव्हता, जिचा आहे तिला मी विचारलंच नाही… हो, हंगामाचं समजतंय मला… हो, बूटही… नाही, ती काही अडून बसलेली नाही, चूक माझी आहे. मॅडमना मीच सांगते… बरं… बरं काका. ठेवते.

ऐकलंस?… 'बघू' म्हणाले. मोठी माणसं 'बघू' म्हणतात तेव्हा बघत नाहीत. म्हणे, दुसरा फोटो असेल तर उद्या सकाळी आण, पण बघणाऱ्याला हसू आलं पाहिजे. आता असा फोटो मी कुठून… काय?

मी?… गोलमध्ये?… आणि मारणार कोण?… तू.

अगं पण चेंडू येताना दिसला की मी डोळे मिटते. तुला माहितीये, सर म्हणूनच तर… हं. हो. चष्मेवाल्यांना तेच हवं. अभिनयही करायला नको मला… बोर्ड? अजून तिथेच आहे. फोटो दादा काढेल. मला चेंडू लागणार म्हटल्यावर तो पळत येईल… हो, काकांना नाही आवडला तर नाही. ऑफिसही गेलं तर गेलं. टेबल काय, घरीही आहे. डुगडुगतं, पण आहे.

पण दुकानाएवढी मी, डोळे गच्च मिटून, बसथांब्यासमोर. सातवीतली पोरं मला काय म्हणतील?… 'दार'? सताड उघडं?… तू हे फोन करायच्या आधीच ठरवून ठेवलेलंस ना?

येते मी. पण फोटोला एकच गोल पुरे… दहा? दहा कशाला?… चार त्या सामन्याचे. आणि सहा?… तीन दिवसांचे, रोजचे दोन. बरं बाई. जोरात नको पण… जोरातच. बरं.

आणि ऐक ना… आपण बोलायला लागलो ना परत?… दहा झाल्यावर सांगशील?

मग अकरावाही मार. निघाले मी. ठेव.