गुंगीवरची नजर

एंडोस्कोपीच्या खोलीबाहेर एक शिंपी फाईल मांडीवर घेऊन आपल्या नंबराची वाट पाहत बसला होता. मागच्या बाकावर एक बाई आणि एक आजोबा बोलत होते.

“आमच्या ह्यांना आत्ताच आत नेलंय. गुंगीत श्वास अडकला तर हो?”

“नुसते घोरले तरी लगेच हनुवटी उचलून धरते ती.”

“ती कोण?”

“माझी लेक, आतली नर्स! डॉक्टरांचे डोळे पडद्यावर, हिचे माणसावर.”

“पण मशीन असतं ना?”

“असतं की. ते बोंबलायच्या आधीच हिला कळतं. मध्येमध्ये नावानं हाक मारते. डोळे किलकिले झाले तर ठीक, नाहीतर औषध तिथंच थांबवायला लावते. मोठे डॉक्टर एकदा ओरडले तिच्यावर. आता तिच्याशिवाय सुरूच करत नाहीत!”

“नशीबवान आहात. तिला डबा द्यायला आलात?”

“छे! तुमच्या ह्यांच्यानंतर माझाच नंबर. म्हणत होती, ‘बाबा, तुमच्या वेळी दुसरीला उभी करते, माझं लक्ष ठिकाणावर राहणार नाही.’ मी म्हटलं, तू नसलीस तर मी टेबलावर चढतच नाही.”

शिंपी उठला आणि नंबर लावायच्या खिडकीपाशी गेला.

“ताई, त्या आजोबांची लेक आत नर्स आहे ना, तिची ड्युटी किती वाजेपर्यंत आहे?”