पार्सल शेजारी दिले आहे

मृणालिनी : बेल वाजली तेव्हा तू घरात होतास, रुचिर. दाराला लागून असलेल्या खोलीत.

रुचिर : मीटिंगमध्ये होतो. कानात हेडफोन होते. किती वेळा तेच सांगू?

मृणालिनी : आईनं पुण्याहून पाठवलेला शेवटचा खोका. आणि तो कुरियरवाला त्या बाईकडे टाकून गेला.

रुचिर : 'पार्सल शेजारी दिले आहे' असं ट्रॅकिंगमध्ये स्वच्छ लिहिलंय. हरवलेलं नाही. इथे डच लोकांत पद्धतच आहे, कोणी दार उघडलं नाही की शेजारी देतात.

मृणालिनी : मग शेजारीण दार का उघडत नाही? काल संध्याकाळी बेल वाजवली, आज सकाळीही वाजवली. आत दिवा चालू आहे.

रुचिर : ऐंशीच्या घरातली बाई गं. लॉकडाउनमध्ये घाबरत असेल. त्यात आपण इंडियन. टीव्हीवर सध्या आपल्याकडच्या कोविडचं काय दाखवतायत, बघतेस ना?

मृणालिनी : घाबरतबिबरत नाही. आपल्या फोडणीच्या वासाची तक्रार हिनंच केली होती. मुद्दाम करतेय.

रुचिर : मी कस्टमर केअरला परत फोन लावतो.

मृणालिनी : लाव. अर्धा तास त्यांचं गाणं ऐक, मग 'आमच्याकडे डिलिव्हर्ड दिसतंय' हेही ऐक. गोडा मसाला आहे रे त्यात. कोविडनं ॲडमिट व्हायच्या आदल्या आठवड्यात आईनं भाजला, डंकावरून कुटून आणला. मला जाता आलं नाही, विमानं बंद. स्मशान फोनवर बघितलं. तो खोका मला हवाय. आत्ता.

रुचिर : मृणाल, थांब! मास्क तरी लाव!

(मजल्यावरच्या समाईक गॅलरीत, शेजारच्या मेफ्रौ, म्हणजे श्रीमती, फिसर यांच्या बंद दारासमोर.)

मृणालिनी : मेफ्रौ फिसर! दार उघडा! माझं पार्सल आहे तुमच्याकडे!

रुचिर : ओरडू नकोस. समोरच्या बिल्डिंगमधून लोक बघतायत.

मृणालिनी : बघू देत. दाराला ही पत्रं टाकायची फट आहे ना... दिसला! पॅसेजमध्येच आहे. आईचं अक्षर दिसतंय वरचं. बघ, घरात ठेवलाय आणि देत नाहीये!

रुचिर : दुसऱ्याच्या घरात असं वाकून काय बघतेस? ऊठ. ऊठ म्हटलं ना.

मृणालिनी : रुचिर...

रुचिर : काय झालं?

मृणालिनी : खोक्याच्या पलीकडे पाय आहे.

रुचिर : काय?

मृणालिनी : पाय! चप्पल निघून पडलीय बाजूला. ती पडलीय रे! मेफ्रौ! मेफ्रौ फिसर, ऐकू येतंय का?

मेफ्रौ फिसर : ...कोण?

मृणालिनी : मी मृणालिनी, शेजारची! रुचिर, एकशे बाराला फोन कर!

रुचिर : करतोय. तू जरा मागे हो. तिला कोविड असला तर? फटीला तोंड लावून बोलतेयस!

मृणालिनी : तू फोन कर. मेफ्रौ, कधी पडलात?

मेफ्रौ फिसर : काल. तुझं पार्सल... तो माणूस माझ्या दाराबाहेर ठेवून गेला. चोरीला जाईल म्हणून ओढून आत घेतलं. जड होतं. पाय घसरला. कमरेत काहीतरी मोडलंय.

मृणालिनी : मी बेल वाजवली होती हो. काल. आजसुद्धा.

मेफ्रौ फिसर : ऐकली. हाक मारत होते. आवाज फुटेना.

रुचिर : निघालेत ते. दार उघडायला फायर ब्रिगेडही येतेय. तिला बोलतं ठेवा म्हणाले.

मृणालिनी : मेफ्रौ, डोळे मिटू नका. माझ्याशी बोला. काहीही बोला.

मेफ्रौ फिसर : थंडी वाजतेय. हेंक... माझा मुलगा. ग्रोनिंगनला असतो. एकटी राहू नकोस म्हणत होता. त्याला सांग, माझ्यावर ओरडू नकोस.

मृणालिनी : सांगते. अजून काय सांगू?

मेफ्रौ फिसर : फ्रीजरमध्ये वाटाण्याचं सूप आहे. त्याच्यासाठी करून ठेवलंय. टाकून देईल तो... त्याला म्हणावं, घेऊन जा.

मृणालिनी : सांगते. नक्की सांगते. मेफ्रौ? मेफ्रौ, बोलत राहा! रुचिर, गाडी कुठवर आली बघ ना!

रुचिर : आली. वळतेय खाली. सरक, त्यांना जागा दे.

मृणालिनी : मेफ्रौ, आले हां ते. मी इथेच आहे.

(थोड्या वेळाने, गॅलरीतच.)

रुचिर : ...मृणाल, गेली गाडी. किती वेळ अशी गॅलरीत उभी राहणार? शुद्धीवर होती ती, स्ट्रेचरवरून तुझ्याकडे बघत होती. चल आत. खोका मी टेबलावर ठेवलाय. उघडू?

मृणालिनी : राहू दे जरा. हेंकशी बोलले आत्ता. अँब्युलन्सवाल्यांनी नंबर दिला.

रुचिर : येतोय तो?

मृणालिनी : येऊन काय करणार? हॉस्पिटलमध्ये आत सोडणार नाहीत त्याला, कोविडचा नियम आहे. आई काय काय बोलली, तेच विचारत होता सारखं.

रुचिर : मग?

मृणालिनी : सगळं सांगितलं. शब्द न् शब्द. सुपाचंसुद्धा. दोनदा सांगायला लावलं त्यानं.

रुचिर : बरं केलंस.

मृणालिनी : आईच्या वॉर्डातून मला असा फोन कुणी केला नाही, रुचिर.