टोपल्याखालचा दिवा

हिंगोलीच्या अड्ड्यावर वसमतच्या मोटारीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर फोटोवाले खाजा मिया आणि तांड्यावरचा उत्तमसिंग बोलत होते.

"खाजाभाई, थावराचा फोटू आलाच न्हाई म्हणता?"

"न्हाई, उत्तम. फिल्म पुरी काळी पडली."

"काहून? आईला धीर न्हाई म्हणून तुमी आमच्याच घरी धुतली. दाराला गोधड्या लावल्या होत्या आमी."

"डबीतून फिल्म काढताना जराबी उजेड चालत न्हाई. मी काढली अन् मग कोपऱ्यात दिसलं. टोपल्याच्या फटीतून उजेड येऊन राहिला होता."

"मी तर सगळे दिवे विझवायला सांगितलं होतं!"

"तुझ्या आईनं एक झाकला. विझवला न्हाई."

"त्यो थावराचा दिवा. माणूस गेल्यावर दहा दिवस विझू देत न्हाईत."

"म्हाईत हाय मला."

"माझ्या भावाचा तेवढा एकच फोटू होता. नरसीच्या बाजारात तुमीच काढला."

"व्हय. हसून राहिला होता पोरगा."

"आता आईला काय सांगू? सकाळपासून दारात बसून हाय."

"सांग, खाजा मियाची फिल्म धुवायची दवाई खराब निघाली."